म्हाताऱ्या माद्या

मुकादमाला निलंबित केलं गेलं ते त्याच्या सख्ख्या बहिणीच्या एका ओळीमुळे, आणि ती ओळ लिहायला तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

डासांच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं काम करत होती. ऑफिसात तिला सगळे सुईबाई म्हणत, कारण दिवसभर दोन बारीक सुया हातात धरून ती सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या मादीचं पोट उघडायची. नर रक्त पीतच नाही. मादीला अंडी पिकवायला रक्त लागतं, म्हणून चावते ती मादी. सुईबाई पोटाचं टोक पाण्याच्या थेंबात अलगद ओढून अंडाशय बाहेर काढायची, काचेवर वाळवायची आणि त्यावरच्या श्वासनलिका बघायची. मादीनं अजून अंडी घातली नसतील, तर त्या नलिकांची टोकं दोऱ्याच्या गुंडीसारखी गुंडाळलेली दिसतात. एकदा अंडी घातली की गुंड्या उलगडतात, त्या पुन्हा जन्मात गुंडाळल्या जात नाहीत. काचेवर एक नजर टाकली की मादी तरणी की म्हातारी, हे सुईबाईला कळायचं.

आणि धोका असतो तो म्हातारीचाच. तापाचा जंतू रक्तातून मादीच्या पोटात गेला, तरी तिथून तो तिच्या लाळेत पोचायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढं जगली, तरच ती दुसऱ्याला ताप देते. घराच्या भिंतींवर औषध फवारायचं ते एवढ्यासाठीच, की मादीनं म्हातारं होऊच नये.

त्या वर्षी कालव्यापलीकडच्या वस्तीत फवारणी होऊन सहा आठवडे उलटले होते, तरी तापाची साथ आली. एक गवंडी गेला. त्याच्यामागून चौथ्या दिवशी त्याची चार वर्षांची मुलगी गेली. वस्तीत हलकल्लोळ झाला. आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी वस्तीतून माद्या पकडून आणायला लावल्या. शंभर माद्या सुईबाईच्या टेबलावर आल्या. नियमाप्रमाणे तिनं प्रत्येकीचे पाय तोडून वेगळ्या नळीत जपून ठेवले, नंबर टाकला आणि मग पोट उघडलं. दोन दिवसांनी आकडा हाती आला. शंभरातल्या एकसष्ट माद्या म्हाताऱ्या होत्या. औषध लागलेल्या घरांत वीससुद्धा सापडायला नकोत.

त्या वस्तीतली फवारणी तिच्या दादाच्या टोळीनं केली होती. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, टोळीचा मुकादम. फवारणीच्या दिवसांत एकदा सकाळी अकराला ती कालव्यावरून जात असताना तिनं त्या सगळ्यांना झाडाखाली पंप उतरवून बसलेलं पाहिलं होतं. ते चित्र तिच्या डोक्यातून जाईना. अहवालात आकडा लिहून झाल्यावर शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘घरांमध्ये प्रत्यक्ष फवारणी झालेली नसावी.’

तिसऱ्या दिवशी दादाच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. दार वहिनीनं उघडलं, पण ‘ये’ म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. दादा जमिनीवर मटार सोलत बसला होता.

“तूच लिहिलंस ना?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“हो.”

“मला आधी विचारावंसं नाही वाटलं?”

“विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?”

“खरं ते सांगितलं असतं. पहाटे पाचला सुरुवात करत होतो आम्ही. अकरापर्यंत निम्मी वस्ती व्हायची. मग दहा मिनिटं टेकायचं नाही का माणसानं?” त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “काल बाजारात एकानं मला खुनी म्हटलं. त्याचं सोड. पण तू?”

ती निघाली तेव्हा मागून तो म्हणाला, “आता मला काही विचारू नकोस. त्या वस्तीतल्या भिंतीला जाऊन विचार. ती काही तुझ्या नात्यातली नाही.”

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. भिंतीला विचारायची सोय खरोखरच होती, आणि ती तिनं वापरली नव्हती, हे तिला टोचत राहिलं.

सकाळी साहेबांची परवानगी घेऊन ती वस्तीत गेली. बरोबर दोन पेट्या होत्या. एकीत प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या वाणाच्या माद्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या औषधाचा वासही न लागलेल्या. दुसरीत वस्तीतच पकडलेल्या. गवंड्याच्या बायकोनं तिला घरात घेतलं. कोपऱ्यात लहान मुलीच्या चपला तशाच होत्या. सुईबाईनं तिकडे पाठ केली आणि भिंतीवर प्लॅस्टिकची फनेलं चिकटवून त्यांत माद्या सोडल्या. एका फनेलाखाली फवारणी न लागलेला कोरा पुठ्ठाही ठेवला. अर्ध्या तासानं सगळ्या परत डब्यांत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं डबे उघडले. प्रयोगशाळेतल्या माद्यांपैकी भिंतीवर बसलेल्या झाडून सगळ्या मेल्या होत्या. पुठ्ठ्यावरच्या जिवंत होत्या. म्हणजे भिंतीवर औषध होतं, भरपूर होतं. आणि वस्तीतल्या माद्या त्याच भिंतीवर अर्धा तास बसूनही जाळीवर टुकटुकीत बसल्या होत्या. स्टुलावर बसून सुईबाईनं ते डबे पुन्हा मोजले, उगाचच.

जपून ठेवलेले पाय मोठ्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्या पायांतून जनुकं वाचली गेली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. डासाच्या मज्जातंतूंत एक बारीकसं दार असतं, संदेश गेला की मिटणारं. औषध त्या दाराला अडकून बसतं, दार मिटू देत नाही, आणि तंतू थरथरत राहून डास मरतो. या माद्यांच्या जनुकात एकच अक्षर बदललं होतं. त्यानं दाराचा आकार बदलला होता, औषधाला धरायला जागा उरली नव्हती. एकसष्ट म्हाताऱ्यांपैकी अठ्ठावन्न जणींत तो बदल होता.

“सुईबाई, आकडा तुमचा बरोबरच होता,” साहेब म्हणाले.

“आकडा बरोबर होता, साहेब. ओळ चुकली. मी मोजायला बसले होते, न्याय करायला नाही.” तिनं सहीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात शेरा आपण पुराव्याशिवाय लिहिला, असं स्वच्छ कबूल केलं होतं. त्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. दादाचा निलंबनाचा हुकूम रद्द झाला.

हुकूम घेऊन ती स्वतः त्याच्याकडे गेली. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “कागदाचं ठीक आहे. वस्तीत कोण सांगणार?”

“मी सांगते. तू नुसता बरोबर चल.”

गवंड्याच्या बायकोसमोर बसून तिनं सगळं सांगितलं. औषध मारलं होतं, पण डास त्याला पुरून उरले. यांच्या टोळीची चूक नव्हती. चूक मी केली. त्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग दादाकडे बघून म्हणाली, “महिनाभर रोज सकाळी उठल्यावर मी तुम्हाला शिव्या घालत होते. त्यावरच दिवस काढले. आता कुणाला घालू?”

दादानं मान खाली घातली. “घाला मलाच,” तो म्हणाला. “मला चालतील.”

ती बाई तोंडाला पदर लावून रडली. उठताना दादानं सांगितलं, “आता वेगळं औषध येतंय. पहिलं घर तुमचं करतो.” बाईनं मानेनं हो म्हटलं.

परत येताना कालव्याच्या काठानं दादा पुढे, ती मागे अशी दोघं चालत होती. पुलाशी तो थांबला.

“माझा राग गेलेला नाही,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“जाईल तेव्हा जाईल. वहिनीचा तर अजून वर्षभर जायचा नाही.” मग तो पुन्हा चालू लागला. “पण रविवारी येत जा. ती दार उघडेल.”

रविवारी ती गेली. वहिनीनं दार उघडलं आणि आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यासमोर ठेवला.