आठवं कलम

बाभळवाडीत ग्रामसभेचा ठराव वाचायचा तो नारायण गुरुजींनीच, असा रिवाज पडून वीस वर्षं झाली होती. ग्रामसेवक येत-जात राहिले. कोणी पुटपुटायचा, तर कोणी इतक्या घाईनं वाचायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याची एसटी चुकतेय. गुरुजी मात्र वर्गात शिकवावं तसं सावकाश आणि खणखणीत वाचायचे. गुरुजींनी वाचलं तेवढंच कागदावर आहे, यावर अख्ख्या गावाचा विश्वास. गुरप्पानं नेमकं तेच हेरलं.

गुरप्पा बिल्डरचा माणूस. सोलापूर पसरत पसरत बाभळवाडीच्या शिवेला येऊन टेकलं होतं आणि गावतळ्याच्या वरच्या अंगाला बाराशे फ्लॅटची वसाहत उठणार होती. ग्रामसभेची मंजुरी तेवढी राहिली होती. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तो अक्कलकोटचा प्रसाद घेऊन गुरुजींच्या घरी आला आणि वाकून पाया पडला.

“ठरावात अकरा कलमं हायती, गुरुजी. आठवं तेवढं वाचू नका. उगं लोक बिचकत्यात.”

गुरुजींनी चष्मा लावून त्यानं दिलेल्या कागदावरचं आठवं कलम पाहिलं. वसाहतीचं सांडपाणी गावतळ्यात सोडायला गावाची हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं. गावाच्या सगळ्या विहिरी तळ्याच्या पाण्यावर. गुरुजींनी कागद परत केला आणि नकारार्थी मान हलवली.

गुरप्पा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अंगणातल्या लाल स्कूटीकडे बघत राहिला.

“तुमची नात लई हुशार हाय म्हणं. रोज सोलापुरात सात रस्त्याला क्लासला जाती. हायवेला जपून जायाला सांगा तिला. हल्ली ट्रकवाल्यांना डोळे कुटं असत्यात?”

एवढं बोलून त्यानं कागद पुन्हा गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तो घेतला.

घरात माणसं दोनच, आजोबा आणि श्रावणी. आईबाप गेल्यापासून गुरुजींनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरीचं ताट तसंच बाजूला सारलं. श्रावणीला गेल्याच महिन्यात अठरावं सरलेलं. पहिल्या ग्रामसभेला हजेरीची सही करायची म्हणून ती हटून बसली होती. “मुकाट्यानं क्लासला जा, आणि मावशीकडंच थांब,” म्हणून गुरुजी तिच्यावर खेकसले. जन्मात कधी खेकसले नव्हते. ती तोंड पाडून स्कूटीवरून निघाली, तेव्हा गुरुजी ती वळणाआड होईपर्यंत दारात उभे होते.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. सरपंच जोतिराम खुर्चीत, गुरप्पा कडुलिंबाखाली. त्याच्यासोबत दोन अनोळखी माणसं मोटरसायकलला टेकून उभी होती. गुरुजी उठले. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला.

एक, दोन, तीन. रस्ता रुंद होणार, दिवे लागणार, गावच्या पोरांना कामं मिळणार. लोक माना डोलवत होते. चार. पाच. सहा. सात वाचून झालं. त्यांनी एकदा गुरप्पाकडं पाहिलं आणि पुढं वाचलं.

“नऊ. वसाहतीच्या प्रवेशद्वाराला गावाचं नाव...”

गाव गिळायला निघालेल्या माणसांना पुढचे आकडे बदलून ठेवायचं सुचलं नव्हतं. भीतीनं अर्धमेल्या झालेल्या गुरुजींनाही सुचलं नाही. समोर जसं होतं तसं मास्तरी जिभेनं वाचून टाकलं.

“आजोबा, आठ राहिलं की!”

गुरुजींनी दचकून वर पाहिलं. मागं फाटकाजवळ श्रावणी उभी होती, हातात हेल्मेट घेऊन. अर्ध्या रस्त्यातून माघारी आली होती कार्टी.

लोक खो-खो हसायला लागले. पटांगणातल्या निम्म्या माणसांना गुरुजींनी पाढे शिकवले होते. पाढा म्हणताना मध्येच एक आकडा गाळायचा आणि जो पकडेल त्याला लिमलेटची गोळी द्यायची, ही त्यांची जुनी खोड सगळ्यांना ठाऊक.

“गुरुजींनी डाव टाकला रं! आठ वाचा, गुरुजी, आठ!”

झाडाखालची ती दोन माणसं हसत नव्हती. ती श्रावणीकडं बघत होती. आता त्यांना तिचा चेहरा कळला. वाचलं तरी मेलो आणि नाही वाचलं तरी मेलो, असं गुरुजींना झालं. पण पोर सगळ्यांसमोर उभी होती आणि आजोबा काय वाचतात ते ऐकत होती. गुरुजींनी आठवं कलम वाचलं. आवाज खणखणीत नव्हता.

हसू थांबलं. तळ्याखालच्या बौद्ध वस्तीतली मनकर्णा पहिल्यांदा उठली. “म्हंजे त्यांची घाण आमी प्यायाची व्हय? न्हाय मंजूर!” मग सगळं पटांगणच उठलं. जोतिरामाला ठराव नामंजूर लिहावा लागला. लोकांनी गुरुजींना हार घातला. मोटरसायकल सुरू झाली आणि फाटकाशी, श्रावणीच्या अगदी जवळून, सावकाश बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणीनं स्कूटी काढली, तर गुरुजी धोतराचा काचा मारून तयार.

“मीपण येतो सात रस्त्याला.”

“तुम्ही? स्कूटीवर?”

चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं मागं बसून तिचा खांदा घट्ट धरला. हायवेला लागल्यावर प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला ते मान वळवून मागं बघत होते. श्रावणी मात्र खुशीत होती.

“आजोबा, कालचा डाव भारी होता. मी आले नसते तर कोण पकडणार होतं?”

गुरुजींना गप्प राहता आलं असतं. गळ्यात हार पडून गेला होता, अख्खं गाव तसंच मानत होतं. मागून आणखी एक हॉर्न वाजला. त्यांची बोटं तिच्या खांद्यात रुतली.

“डाव नव्हता गं,” ते म्हणाले. “मी भ्यालो होतो. अजून भ्यालोय. तू समोर बघून चालव, मागचं मी बघतो.”