‘काही नाही’ म्हणणाऱ्यांचा सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. बनवला तिघांसाठी, पण प्रसंगी पाच जणांनाही सांभाळलं आहे. सोफ्याला कान नसतात असं समजून लोक माझ्यावर बसून वाटेल ते बोलतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती न बोलणाऱ्यांबद्दल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम एका न बोलणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन बसण्याचं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंदही मला त्याच कामात मिळाला. म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगतो.

मला एका सुताराने बनवलं. लाकूड जाड, स्प्रिंगा दणकट, बैठक खोल. त्याची बायको म्हणाली, "अहो, एवढा खोल कशाला? बसलेला माणूस उठायचा कसा?" सुतार म्हणाला, "लगेच उठू नये म्हणूनच तर! उठायला वेळ लागला की राहिलेलं बोलून होतं." अशा माणसाच्या हातून घडलो, मग मला गप्प बसणारी माणसं कशी आवडतील?

माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, बाहेरच्या खोलीत. ते माझे सोन्याचे दिवस होते. दाढ दुखायला लागली की माणसाचा सगळा आव गळून पडतो. गाल सुजलेले साहेब शेजारच्या ड्रायव्हरला विचारायचे, "फार दुखतं का हो काढताना?" ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, मी ओरडलो होतो. तुम्हीही ओरडा, लाजायचं काय त्यात?" अनोळखी माणसं एकमेकांना धीर द्यायची. एका बाईंनी तर माझ्यावर बसल्या बसल्या, तोंडात कापूस असतानाच, आपल्या जावेशी सात वर्षांचा अबोला फोनवरून मोडला. डॉक्टरीणबाई येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "अर्धं दुखणं हाच पळवतो." एवढं कौतुक मला पुन्हा कोणी केलं नाही.

पुढे त्यांच्या मुलाने दवाखाना हाती घेतला आणि लोखंडी खुर्च्या आणल्या. मी गेलो एका गोदामात. तिथून मालिकांच्या चित्रीकरणाला टेबलं, कपाटं, पलंग भाड्याने जातात. तिथले सामानवाले काका माणूस मोठा प्रेमळ. माझ्या स्प्रिंगांना तेल घालायचे, फाटलेलं शिवायचे. त्यांच्या कृपेने मी बऱ्याच मालिकांत कामं केली. त्यांत सासवा-सुना भांडायच्या, फुलदाण्या फुटायच्या, कोणीतरी माझ्यावर धाडकन बेशुद्ध पडायचं. दर्जा यथातथाच होता, पण माणसं निदान तोंड उघडायची.

मग ती कादंबरी आली.

तिशीतल्या मुलामुलींची ती कादंबरी म्हणे घरोघरी वाचली जात होती आणि आता तिच्यावरून मालिका बनत होती. काकांनी मला पाठवलं आणि देखरेखीला स्वतःही आले. माझ्या विटकरी अंगावर त्या लोकांनी फिकट पांढरी खोळ चढवली, कारण त्यांच्या घरात कशालाच रंग असून चालत नव्हता. खिडकीशी मला ठेवलं आणि माझ्यावर नायिका येऊन बसली. बसली ती बसलीच.

मित्रांनो, काय सांगू! नायिकेने नायकाचा एका मुलीबरोबरचा फोटो पाहिलेला. ती मुलगी त्याची आत्तेबहीण. हे त्याला ठाऊक, वाचकांना ठाऊक, मला ठाऊक. "ही कोण रे?" एवढं विचारलं की विषय संपला. पण नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. नायिका खिडकीबाहेर बघायची. मोबाईलवर काहीतरी लिहायची आणि पुसायची. दोन्ही हातांत कॉफीचा मग धरायची आणि प्यायची नाही. कारण मग रिकामा असायचा, हे मी जवळून पाहिलं आहे. तिने चांगली चाललेली नोकरी सोडली आणि म्हणाली की मला स्वतःला शोधायचं आहे. मला तर ती व्यवस्थित सापडली होती, चांगली माझ्या मांडीवर बसली होती.

नायकही तसाच. तिकडे दुसऱ्या शहरात तोही मूग गिळून एका खिडकीत उभा. मैत्रीण, भाऊ, शेजारी, जो कोणी येईल तो विचारायचा, "काय झालं?" आणि ही म्हणायची, "काही नाही." आठ भागांच्या मालिकेत पहिल्या दोन भागांतच ‘काही नाही’ इतक्या वेळा झालं, की मला वाटलं, खरंच काही झालेलं नाही, चला घरी जाऊ या.

गंमत म्हणजे नायिकेचं काम करणारी मुलगी अजिबात अशी नव्हती. ती इतकी बडबडी की सगळे तिला चिमणी म्हणत. चित्रीकरण थांबलं रे थांबलं की ती फोनवर भावाशी भांडायची, "माझा चार्जर नेलास ना? खोटं बोलू नकोस, मला वास येतो!" हसायची, रुसायची, माफी मागून मोकळी व्हायची. तिशीतली खरी मुलगी ही अशी. मग पुस्तकातल्यांनाच काय धाड भरली होती, देव जाणे.

मला राहवायचं नाही. मी करकरायचो. आवाजवाला कानावरचं यंत्र काढून ओरडायचा, "अरे, हा म्हातारा फार बोलतो! अख्ख्या मालिकेत हा एकटाच बोलतोय! याला उद्या बदला." सामानवाले काका हात जोडून मला वाचवायचे. पण ठरलंच होतं, तिसरा भाग संपला की माझ्या जागी नवा, मुका सोफा.

माझं जाऊ द्या. खरी कसोटी होती मावशींची.

मावशी म्हणजे नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या बाई. एके काळी त्यांनी नाटकं गाजवलेली. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माईक न लावता ऐकू जाईल असा आवाज. मधे बरीच वर्षं त्यांना काम नव्हतं. आता मिळालं, तर त्यात काम काय? आईने दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायचं, "काय झालं?" विचारायचं, "काही नाही" ऐकायचं आणि उदास होऊन निघून जायचं. बस्स. दर वेळी तेवढंच.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्यावर येऊन बसल्या. काका माझा एक पाय ठाकठीक करत होते.

"काका, आज माझा शेवटचा दिवस दिसतोय," मावशी म्हणाल्या. "दिग्दर्शक म्हणाला, मावशी, तुमच्या चेहऱ्यावर फार काही दिसतं. आजचा प्रसंग जमला नाही तर आईला वगळू म्हणे. आई परगावी गेली असं दाखवणार."

"चेहऱ्यावर दिसतं ही काय तक्रार झाली?" काका म्हणाले.

"आता तसंच असतं. कोरा चेहरा लागतो. पण मी सगळ्यांना सांगून बसले हो! व्याह्यांना, बहिणीला, खालच्या शिंप्याला. सूनबाईने तर मालिका लागेल त्या दिवशीची रजा टाकलीय. म्हणते, आई, तुमचं काम मी कधी पाहिलंच नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही घरीच होतात." मावशींनी माझ्या हातावरून हात फिरवला. "आता तिला काय दाखवू? आई परगावी गेली?"

काकांनी माझ्या पायाला आणखी एक खिळा ठोकला. मला फार वाईट वाटलं.

त्याच सुट्टीत आणखी एक गोष्ट झाली. पांढरं दार कॅमेऱ्यात फार चमकतं म्हणून दिग्दर्शकाने ते निळसर राखी करायला सांगितलं. रंगाऱ्याने दार रंगवलं आणि उरलेल्या रंगात चौकटही रंगवून टाकली. दार सुकायला बाहेर नेलं. चौकट काही बाहेर नेता येत नाही. ती ओली आहे हे रंगाऱ्याने दार नेणाऱ्यांना सांगितलं, दिव्यावाल्यांना सांगितलं. मावशींना सांगायचं मात्र राहिलं, कारण आई कुठे उभी राहते हे कोणाच्या लक्षातच नव्हतं.

प्रसंग सुरू झाला. चिमणी माझ्यावर बसली, तोंड एवढंसं करून. मावशी आल्या आणि लिहिल्याप्रमाणे चौकटीवर तळवा ठेवून टेकल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

आता मावशींनी जायचं. त्या वळल्या, पण हात येईना. ओढला तर तळव्यावर निळसर राखी रंग, बाहीवर रंग, कोपराला रंग. आवाजवाल्याने डोळे मिटले. दिग्दर्शकाने "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, संपलं, आई परगावी गेली.

मावशींनी त्या तळव्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. आणि नाटकातल्या त्यांच्या जुन्या, भरदार आवाजात म्हणाल्या, "बघ! तू बोलशील म्हणून वाट बघत उभी राहिले, तर दाराला चिकटले मी. सरक!"

चिमणी अशी काही सरकली! मावशी धपकन बसल्या आणि रंगाचा तो हात त्यांनी खुशाल माझ्या पांढऱ्या हातावर दाबून टेकवला. मी करकरलो. चिमणीला हसू फुटलं. कोरं, फिकट नव्हे, भावाशी भांडताना येतं तसलं खरंखुरं हसू. दिग्दर्शकाचं तोंड उघडंच राहिलं, पण त्यातून शब्द निघाला नाही.

"आता बोल," मावशी म्हणाल्या.

आता पुढचं कोणी लिहिलेलंच नव्हतं. चिमणी क्षणभर गांगरली आणि मग नायिका झाली, पण बोलणारी. "आई, फोटोतली ती मुलगी कोण, हे मी त्याला विचारलंच नाही गं."

"मग विचार की!"

"आणि तो नको ते बोलला तर?"

"तर रडू. तू रड, मीही रडते, घरात रुमाल काही कमी नाहीत. पण आधी विचार तरी! न विचारताच रडायचं म्हणजे फुकटची हमाली."

"मलाच माझा कंटाळा आलाय, आई," चिमणी म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरले.

"तुलाच? अगं, सगळ्या घराला आलाय. लाव फोन."

चिमणीने फोन लावला. तिकडून कोणी बोलणार नव्हतं, पण ती असं बोलली की मलाही पलीकडचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. "ही कोण रे?... आत्तेबहीण?" आणि मग दोघी मायलेकी हसत-रडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तेव्हा कुठे दिग्दर्शकाला "थांबा" म्हणायची आठवण झाली. त्याआधीच दिवे धरणाऱ्यांनी टाळ्या सुरू केल्या होत्या.

एका कोपऱ्यात कादंबरीच्या लेखिकाबाई बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता आणि त्यावर खरोखरच सगळं दिसत होतं.

"पुस्तकात असं नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. "पुस्तकात ती शेवटच्या पानावर विचारते. आता तिसऱ्याच भागात विचारलं, तर पुढचे पाच भाग दाखवायचं काय?"

चिमणीनेच तोंड उघडलं. "ताई, आता तिला काहीतरी खरंच होऊ दे ना. भांडण होऊ दे, नोकरी शोधू दे. त्याला परत यायचंच नसेल, तर तसं तोंडावर म्हणू दे. मी करीन सगळं. फक्त तो रिकामा मग नको."

लेखिकाबाई आधी रागावल्या, मग हसल्या. "तो मग मलाही नको होता. लिहिताना तिचा मलाच इतका कंटाळा यायचा, की उठून मीच खरी कॉफी करून प्यायचे. आणि ती दारातून परत जाणारी आई..." त्या मावशींपाशी आल्या. "मावशी, आईला आत यायला मीच लिहायला हवं होतं. आता पुढे लिहिते."

आता पाहा गंमत. चित्रीकरणाच्या धंद्यात एक नियम असतो. एकदा कॅमेऱ्यात दिसलं, ते पुढे तसंच दिसलं पाहिजे. माझ्या हातावर मावशींचा पाच बोटांचा निळसर राखी पंजा उमटला होता आणि तो कॅमेऱ्यात ठसठशीत आला होता. खोळ माझ्याच मापाची, म्हणजे पुढच्या सगळ्या भागांत तोच सोफा हवा. आवाजवाल्याने कपाळाला हात लावला. काकांनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. ज्या डागामुळे एखाद्याला भंगारात टाकतात, त्याच डागाने माझी नोकरी पक्की केली. आणि सोफ्यावर येऊन बसलेली आई पुन्हा चौकटीत उभी करता येत नाही, म्हणून प्रत्येक भागात मावशी आल्या. आल्या आणि भरपूर बोलल्या.

मालिका तयार झाली तेव्हा सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून चित्रीकरणाच्या त्याच खोलीत, भिंतीवर पडदा लावून तिसरा भाग दाखवला. मावशींचा गोतावळा माझ्यावर बसला होता. बहीण, व्याही, शिंपी, मधे मावशी आणि त्यांना खेटून सूनबाई. पाच जण! माझ्या स्प्रिंगा कुरकुरत होत्या, पण ती कुरकुर आनंदाची होती. पडद्यावर मावशी चौकटीपाशी आल्या. आणि मग तो आवाज, "सरक!" अख्खी खोली उसळली. शिट्ट्या, टाळ्या, आवाजवालासुद्धा हसतोय. सूनबाईने सासूबाईंचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, मी रोज ऐकते तोच हा आवाज, आणि तो एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं!" मावशींनी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्या खोलीत न बोललेलं माणूस एकच होतं आणि ते आनंदाने गप्प होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना जपा. स्प्रिंगांना तेल घाला, फाटलं तर शिवा, करकरलो म्हणून हाकलू नका. आणि माणसांनाही जपा. कोणी ‘काही नाही’ म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवून दारातून परत फिरू नका. आत या, शेजारी बसा. बसायला जागा करून द्यायला आम्ही सोफे आहोतच. सरक म्हणायचं काम तेवढं तुमचं.