रविवारचा फोटो

"तुम्ही फोटो पाठवला सकाळी सहा चाळीसला. उघडला कुणी? कुणीच नाही," संस्थेच्या वृषालीमॅडमनी नोंदीचा छापील कागद भागुजीच्या हातात दिला. "तुमच्यावर काहीच येत नाही. हौशीरामांच्या घरी हाच दाखवा."

बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे कॅमेरे लोणी गावच्या उसात लावायचे आणि सकाळी फोटो पाठवायचे, हे भागुजीचं अकरा वर्षांचं काम. पूर्वी बिबट्या दिसला की तो गावाच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळा व्हायचा. असल्याच एका फोटोवरून दोनशे माणसं काठ्या घेऊन धावली. मादी मेली, दोन पिल्लं पायाखाली गेली. ती भागुजीनंच गोळा केली.

मग संस्थेनं ब्लॉकचेन आणली. फोनवर येतानाच फोटोला कुलूप लागायचं. किल्ल्या तीन साहेबांकडे. कुणी पाठवला, कुणी उघडला, याची नोंद अशी पक्की की मोठ्या साहेबांनाही पुसता येऊ नये. व्यवस्था नामी होती. फक्त साहेब रविवारी फोन बघत नाहीत, हे तिच्यात कुणी धरलं नव्हतं.

फोटो पाठवला त्याच रविवारी दहाच्या सुमारास हौशीरामची बायको सखूबाई उसाकडेला घास कापायला वाकली, ती उठलीच नाही.

कागद खरा होता. पण फोटो पाठवण्याआधी कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर नजर टाकायची भागुजीची जुनी सवय. त्या बघण्याची नोंद कुठंच होत नाही. त्या सकाळी पडद्यावर बिबट्या घासाच्या वाफ्याला लागून बसला होता. ग्रुपवर दोन शब्द लिहावेत म्हणून त्यानं फोन काढला, पिल्लं आठवली आणि परत खिशात टाकला.

हौशीराम ओट्यावर बसला होता. मुलगी साक्षीनं कागद वाचून दाखवला.

"म्हंजी कुनालाच ठावं नव्हतं," हौशीराम म्हणाला. त्याचा चेहरा जरा सैल झाला. "मंग कुनाला बोल लावायचा, भाऊ?"

इथंच उठून जाता आलं असतं. भागुजीला स्वतःची किळस आली.

"मला ठावं व्हतं. म्या कॅमेऱ्यात बघितला व्हता."

साक्षीनं कागद खाली ठेवला. हौशीराम म्हणाला, "उसातनं माघारी जायची वाट माज्या दारावरनंच हाय, भागुजी."

"व्हय. वयनी अंगण झाडत व्हत्या. काय घावलं का कॅमेऱ्यात, म्हनून इचारलं त्यांनी."

"मंग?"

"म्या न्हाई म्हनलं."