नितळ बाटली

चीनमधल्या लांचोच्या त्या प्रयोगशाळेत प्राध्यापक म्याओंना पाठीमागे सगळे ‘मालक’ म्हणायचे. मालकांचं फर्मान होतं, की बाटलीतला द्रव पाण्यासारखा नितळ दिसला पाहिजे. म्हणून सूछिन तो पुन्हा एकदा कोळशाच्या भुकटीतून गाळत बसली होती आणि तिचे खांदे भरून आले होते.

तसं बघितलं तर ते मीठच. पण गोठायचं नाव न घेणारं मीठ. मधासारखं संथ ओघळतं आणि कापसाचा बोळा टाकला तर गिळून बसतं. त्याची वाफ होत नाही, हा त्याचा मोठेपणा आणि तोच सूछिनला जाच, कारण वाफ करून शुद्ध करायची सोय नाही. पाणी घालून पातळ करा, गाळा, मग तेच पाणी निर्वातात मंद आचेवर काढा. आच वाढवली की पुन्हा पिवळं. शिवाय मेलं हवेतलंही पाणी ओढून घेतं, आणि पाणी राहिलं की कापूस विरघळत नाही. पिवळेपणाने कामाचं काहीच बिघडत नाही, पण पिवळेपणा दिसतो. पाणी दिसत नाही.

सूछिनचं इथलं हे सातवं वर्ष. तिअनश्वेईच्या कॉलेजात नोकरी ठरली होती, आईही तिथेच होती. अडलं होतं ते प्रबंधावरच्या मालकांच्या सहीपाशी. पुढच्या कामाला पैसे द्यायचे की नाही ते ठरवायला राजधानी पेइचिंगहून येणाऱ्या पाहुण्यांपुढे कापूस विरघळवण्याचा प्रयोग नीट झाला की सही, असा शब्द त्यांनी दिला होता.

तेवढ्यात थान ह्वेई धापा टाकत आला. तिच्याच बरोबरचा, तिच्याइतकाच पिचलेला.

"अगं, पाहुणे आजच आलेत! खाली शेवया खातायत, आत्ता वर येतील."

"आज? अरे, हे वाळायला उद्या उजाडेल!"

"मग सांग मालकांना."

"तू सांग की. तुला काय, माझ्याच खांद्यावर बंदूक."

मालक आलेच, टायवरचा रस्सा पुसत.

"सर, नितळ बाटली अजून ओली आहे. मागची पिवळी कोरडी आहे, ती घेऊ?"

"पाहुण्यांपुढे शिळा चहा ठेवणार तू? नितळच घे."

"कापूस विरघळणार नाही, सर. तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकवलेलं मलाच नको शिकवूस."

सूछिनला भांडायचंही त्राण नव्हतं. तिने नितळ बाटली टेबलावर पुढे मांडली, आणि पाहुणे खुर्च्या ओढत असताना पिवळ्या बाटलीतला द्रव गरम भांड्यात ओतला. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण चारचौघांत बोलता येईना. ती बोळा ढवळत राहिली. बघता बघता कापूस विरला, मागमूसही उरला नाही.

पाहुण्यांतल्या वयस्क बाईंनी चष्मा काढून भांड्यात डोकावून पाहिलं. "वा! मिळालं समजा तुम्हाला पुढचं काम. रंगाचं काय घेऊन बसायचं?"

"तेच तर मी सांगत असतो," मालक खुलले. "या पोरीचे हात बघा, हे दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पुढची दोन वर्षंही हीच सांभाळेल."

"सर, माझी सही..."

"होईल गं! सही केली की तू भुर्रकन उडून जाशील, मग इथे कोण?"

पाहुणे हसले. सूछिनही हसली, तोंडाला सवय होती म्हणून. ओल्या बाटलीने तिची फजिती झाली असती, मालक संतापले असते, कदाचित सही ठोकून तिला हाकलून मोकळेही झाले असते. इतक्या वर्षांत इथे तिला सगळं शिकवलं होतं. काम बिघडवायचं कसं, तेवढं कुणी शिकवलं नव्हतं.