फेडरवरची चिकटपट्टी

स्टुडिओच्या मालकाने कीबोर्डच्या फेडरवर, म्हणजे त्याचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर, चिकटपट्टी लावली, तीही आडवी-उभी, माळ्यावर टाकायच्या खोक्याला लावतात तशी. "याला हात लावायचा नाही," त्याने मिक्सिंगवालीला बजावलं. कीबोर्ड वाजवला होता त्याच्या मेहुण्याने. मेहुण्याला दहा बोटं होती आणि एकही फुकट बसू द्यायची नाही, असा त्याचा बाणा होता.

मिक्सिंगवालीला एवढंच हवं होतं, की मावशीचे शब्द कळावेत. मावशी अठरा वर्षं कोरसमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या पाठीमागे, गात आलेली. हा तिचा पहिला एकटीचा अंतरा. शब्द कळले नाहीत तर सोमवारपासून पुन्हा मागची रांग, हे मालकाने आधीच सांगून ठेवलेलं. आवाज बारीक पण नितळ. मेहुण्याच्या सुरांत तो रजईत सुई हरवावी तसा हरवायचा.

फेडरला तिने खरंच हात लावला नाही. तिने साइडचेन जोडली. म्हणजे कीबोर्डवर आवाज दाबणारा कॉम्प्रेसर बसवला आणि त्याची दोरी दिली मावशीच्या आवाजाच्या हातात: मावशीने तोंड उघडलं की कीबोर्डने खाली बसायचं, ती थांबली की उठायचं. पट्टी जागच्या जागी.

एकच चूक झाली. उठायला वेळ फार थोडा दिला. त्यामुळे दोन शब्दांच्या फटीतही कीबोर्ड वर यायचा, जिना चढून आलेल्या जाड्या माणसासारखा धापा टाकत. मेहुण्याने ते पहिल्याच ओळीला ओळखलं.

"थांबवा! भाऊजी, हिने माझा सूर दाबलाय!"

मालकाने चष्मा लावून पट्टी तपासली. "पट्टी तर जशीच्या तशी आहे रे."

"मग सूर धापा का टाकतोय?"

"धाप लागली ते माझं चुकलं," मिक्सिंगवाली म्हणाली आणि तिने उठायचा वेळ वाढवला. धाप गेली. "खाली बसतोय ते मात्र मी मुद्दाम बसवलाय. मोठं माणूस बोलायला लागलं की मधे बोलू नये, एवढं शिकवलंय त्याला."

"काढ ते," मालक म्हणाला.

"बंद करायचं बटण हे. मी दाबणार नाही. तुम्हीच दाबा, आणि ऐका."

मालकाने ध्वनिमुद्रण परत लावलं आणि बटण दाबलं. मावशी गायब; नुसती ओठ हलवतेय म्हणावं अशी. सोडलं. मावशी हजर, शब्द न् शब्द. वजनकाट्यावरचा आकडा न पटलेल्या माणसासारखं त्याने चारदा करून पाहिलं.

"राहू दे हे," तो शेवटी खाली बघत म्हणाला.

"मी ताईला सांगेन!"

"सांग. दोन्ही ऐकव तिला."

"निदान थोडा तरी वर आणा हो," मेहुणा आता मिक्सिंगवालीलाच म्हणाला.

तेवढ्यात काचेपलीकडून, कानाला हेडफोन लावून उभ्या असलेल्या मावशीचा आवाज आला. तिला आतलं भांडण ऐकू गेलं नव्हतं, पण चेहरे दिसत होते. "अगं, माझं काही चुकतंय का? जरा जोर लावू?"

"मुळीच नाही, मावशी. तुम्हाला हवं तेवढं हळू गा."

असं म्हणून तिने, मेहुण्याच्या डोळ्यांदेखत, कॉम्प्रेसर आणखी हळवा केला आणि नवं ध्वनिमुद्रण सुरू केलं.

मावशीने नुसता श्वास घेतला. कीबोर्ड खाली बसला.