आतली गळती

गुरुवारी सकाळी मालन वायदंडेने गाडीच्या रेडिएटरमध्ये साडेतीन लिटर पाणी ओतलं, आणि कराडच्या डायलिसिस सेंटरमधल्या काट्यावर तिच्या नवऱ्याचं वजन बरोबर साडेतीन किलोने जास्त भरलं.

तेव्हा तिला त्यात काही दिसलं नाही. सिस्टर मात्र चिडली.

"मावशी, काकांना दिवसाला तीनच पेले पाणी सांगितलंय ना? मग हे काय? कळशी तोंडाला लावून बसतात का?"

"नाही हो सिस्टर. मी स्वतः मोजून देते."

"मग काटा खोटं बोलतो?"

सोपान खाली मान घालून उभा होता. तीस वर्षं त्याने वरातींत क्लॅरिनेट वाजवलं होतं. एका दमात अख्खं गाणं ओढायचा आणि शिवाय नवरदेवाच्या घोड्यापुढे चालायचा. आता चार पायऱ्या चढला तरी भिंत धरायचा. मूत्रपिंडं गेल्यापासून दर सोमवारी आणि गुरुवारी त्याला कराडला न्यावं लागे. गाव डोंगराच्या मागच्या अंगाला, मध्ये खिंड, आणि एसटी मनात आलं तर यायची. म्हणून अंगणवाडीचं काम सांभाळून, पन्नाशी उलटल्यावर मालन गाडी शिकली आणि चौदा वर्षांची, दोन मालक बघितलेली पांढरी गाडी तिने दारात आणून उभी केली.

दोन महिने गाडी नीट चालली. मग खिंडीच्या चढाला तापायला लागली. इंजिन गार झाल्यावर मालनने झाकण उघडून पाहिलं, तर रेडिएटर ठणठणीत कोरडा. तिने गाडीखाली जुनी पोती अंथरली. सकाळी पोती कोरडी होती. पाइपांवरून हात फिरवला, हातही कोरडा. एवढं पाणी जातं कुठे, हे तिला कळेना. ती दर फेरीला ओतत राहिली.

पुढच्या सोमवारपर्यंत आणखी पाच लिटर गेलं. सोपानचं वजन पाच किलोने वाढलं होतं. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. त्या दिवशी मालनने पाण्यात इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंटही घातलं होतं. मशीन सुरू झालं आणि सोपानच्या अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत हिरवट छटा उतरली. टेक्निशियनने नळीवर टिचकी मारली.

"पडद्याचा रंग पडला असेल," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

तिथले पडदे निळे होते. मालन स्टुलावर बसून राहिली. परतताना पाणी ओतल्याशिवाय गाडी खिंड चढणार नव्हती. तिने पाणी ओतलं. ओतताना ती सोपानकडे बघत होती. त्याने दोनदा आवंढा गिळला.

मंगळवारी ती गाडी घेऊन फाट्यावर दस्तगीर मिस्त्रीकडे गेली. सोपानला घरी एकटं ठेवायचा तिला धीर झाला नाही, म्हणून तोही पुढच्या सीटवर बसून आला. दस्तगीर त्याला बँडच्या दिवसांपासून ओळखत होता.

"सोपानदादा, सुजलाय की तुम्ही," तो म्हणाला.

"गाडी बघ आधी," सोपान म्हणाला.

दस्तगीरने सगळं क्रमाने पाहिलं. घाई करणारा माणूस नव्हता तो. इंजिनाच्या ऑइलची पट्टी उपसून बोटांत चोळली. सायलेन्सरमागे उकिडवा बसून धुराचा वास घेतला. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, काढून चहाच्या पातेल्यात उकळून बघितली. ती वेळेवर उघडत होती. पंखाही फिरत होता. सगळ्यात शेवटी त्याने रेडिएटरच्या तोंडावर एक हातपंप बसवला. त्यावर घड्याळासारखा काटा होता. हवा भरायची आणि काटा उतरतो का बघायचं. उतरला तर कुठेतरी गळती आहे.

त्याने पंप मारायला सुरुवात केली. काटा पंधरावर गेला.

"मिस्त्री, थांब जरा," आतून सोपान म्हणाला. "छातीवर कुणी बसल्यागत होतंय."

दस्तगीरचा हात थांबला. काटा पंधरावरून बारावर आला, मग दहावर. गाडीखाली थेंब नव्हता. आत सोपान खोकायला लागला. ओल्या कापडातून हवा जावी तसा तो खोकला होता. दस्तगीरने हवा सोडून दिली.

"आता?"

"आता बरं वाटतंय."

"उतरा दादा. तिकडं चिंचंखाली जाऊन बसा. वहिनी, तुम्ही पण जावा."

चिंच रस्त्याच्या पलीकडे होती. मालनने सोपानला दगडावर बसवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथून दस्तगीरची फक्त पाठ दिसत होती. त्याचा खांदा खालीवर झाला. मालनच्या हाताखाली सोपानची पाठ ताठ होत गेली. प्रत्येक झटक्याला एक एक बरगडी फुगत होती.

"पुरे!" ती ओरडली. "अहो मिस्त्री, पुरे करा!"

ती परत आली तेव्हा दस्तगीर फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छ झाले होते तरी पुसत होता.

"वहिनी, गाडीत काही दोष न्हाई. पाइप बरं हायत. पंखा बरा हाय. गळती आतली हाय."

"आतली म्हणजे इंजिनात?"

"इंजिनात असती तर मी काढली असती."

"मग खालचा नट सोडा. गाडीतलं पाणी काढून टाका. तिकडचं काढलं तर ह्यांच्यातलंही येईल की."

दस्तगीर गाडीखाली सरकला. नट सुटल्याचा आवाज आला. तीन थेंब पडले. मालन वाकून बघत राहिली, पण चौथा पडला नाही.

"जायची वाट हाय," तो खालूनच म्हणाला. "यायची न्हाई."

"आणि मी पाणी घातलंच नाही तर?"

"इंजिन जाम होईल. खिंड चढणार न्हाई."

"मग मी करू काय?"

तो बाहेर आला, पण तिच्याकडे बघेना. "चढाला हीटर पूर्ण सोडा. इंजिनातली आग तेवढी आत येईल. काचा उघड्या ठेवा. पाणी जितकं कमी घालता येईल तितकं कमी."

बुधवारी तिने गाडीला हातच लावला नाही. सोपानला आडवं होता येईना. तो रात्रभर भिंतीला टेकून बसला.

गुरुवारी सकाळी तिने शेजारच्या बाळकूची जीप सांगितली. आपल्या गाडीचं जे काय आहे ते आपल्या गाडीपाशीच राहील, असं तिने मनाशी धरलं होतं. ओढ्याच्या पुलावरच जीपच्या बॉनेटमधून वाफ निघाली. बाळकूने उतरून पाहिलं.

"रेडिएटर काल तर काठोकाठ भरला हुता," तो म्हणाला. मग त्याने मागे बसलेल्या सोपानकडे पाहिलं. सोपानच्या पापण्या सुजून मिटत आल्या होत्या आणि हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"काकू, मागं फिरू या," बाळकू म्हणाला. पुलावरून घरापर्यंत तो जीपशेजारून चालत आला. स्टिअरिंग बाहेरून धरून त्याने ती उतारावर ढकलत आणली. आत बसला नाही.

तेव्हा मालनने आपली गाडी काढली. दोन लिटर पाणी घातलं, त्याहून थेंब जास्त नाही. एक भरलेला तांब्या सीटखाली ठेवला. तिने ओतलं तसा सोपान आत पुढे वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"अहो?"

"चल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात पाण्याची गुडगुड होती.

खिंडीचा चढ लागला तसा तिने हीटर पूर्ण सोडला. मे महिन्याचं ऊन, त्यात पायांवर येणारा तो भट्टीचा झोत. तिचे डोळे चुरचुरायला लागले. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र खरंच थोडा खाली आला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. सोपान कुडकुडत होता.

"मालन, थंडी वाजतीय."

"बोलू नका. खिंड आली की उतारच आहे. उताराला इंजिन लागत नाही. बंद करून सोडून देईन गाडी."

"किती राहिलं?"

"आलंच."

काचा उघड्या असूनही सगळ्या आतून धुरकटल्या. तिने पदराने समोरची काच पुसली. पदर ओला झाला. ती पुसत होती तेवढ्यात काटा लाल पट्टीत गेला, खाली कुठेतरी करकर वाजलं आणि गाडी थांबली. खिंडीतलं पिंपळाचं झाड समोर दिसत होतं. पन्नास पावलं असतील. तिने चावी फिरवून पाहिली. उतरून मागून लोटून पाहिलं. गाडी हातभरसुद्धा सरकली नाही. सोपानचं वजन आता किती होतं कुणास ठाऊक.

ती त्याच्या दाराशी आली. तो तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. प्रत्येक श्वास अर्ध्यावर येऊन अडत होता.

"ओत," तो म्हणाला.

"नाही."

"इथं बसून तरी काय होणाराय? ओत. मी धरतो दम." तो किंचित हसला. "मला येतो धरता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग सीटखालून तांब्या घेतला. एक तांब्या, पन्नास पावलं, मग उतार. खाली गेल्यावर अर्ध्या तासात मशीन. एवढा हिशेब तिने तीन वेळा केला. तिने बॉनेट उचलून टेकू लावला. बॉनेट उभं राहिलं आणि त्याच्या आड काच, सीट, सोपान, सगळं दिसेनासं झालं.

हाताला ओला टॉवेल गुंडाळून तिने झाकण थोडं थोडं सैल केलं. वाफ येईल म्हणून तोंड फिरवलं. वाफ आली नाही. तिने झाकण काढलं.

रेडिएटर भरलेला होता. पाणी खालून वर येत होतं, शांतपणे, अगदी तोंडापर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलं बाई, असं ती मोठ्याने म्हणालीही. येत होतं, त्याच्यातलं परत येत होतं. काठावर येऊन ते थरथरलं आणि एक ओघळ बाहेर पडून धुळीत गेला. मग दुसरा, जरा मोठा.

"अहो, बघा," तिने हाक मारली. "निघतंय! बरं वाटतंय का?"

बॉनेटच्या पलीकडून काही आलं नाही.

तिसरा ओघळ पडला तेव्हा, जास्तीचं पाणीच नाही, त्याच्यातलं सगळंच निघून चाललंय, असं वाटून तिने तांब्या टाकला आणि तळहात रेडिएटरच्या तोंडावर दाबून धरला. भाजेल म्हणून तिने दात आवळले होते. पाणी भाजलं नाही. ते अंगाइतकंच ऊन होतं.

हात काढला असता तर दोन पावलांत तिला तो दिसला असता. तिने दुसरा हातही पहिल्यावर ठेवला.

"अहो?" ती म्हणाली.

तळहाताखाली पाण्याने एकदा वर धक्का दिला.