अनंतरावांची काळी डबी

मी काळ्या रंगाची डबी बोलतेय. नटांच्या तोंडाला फासतात ना, तो रंग. तळेगावच्या अनंतरावांच्या रंगपेटीत माझं आयुष्य गेलं. अनंतराव म्हणजे निवृत्त शिक्षक आणि हौशी नाटकमंडळींचे सर्वेसर्वा.

यंदा त्यांनी एक जुनी परदेशी शोकांतिका बसवली. गोऱ्या उमरावाची मुलगी काळ्या सेनापतीशी लग्न करते आणि लोक दोघांना सुखानं जगू देत नाहीत. सेनापती झाला वडिवळ्याचा धम्मदीप, लोणावळ्याला रेल्वेत नोकरी करणारा. नायिका अनंतरावांची लेक अपूर्वा. आणि तिचा बाप? स्वतः अनंतराव. चांगली भूमिका दुसऱ्याला देतील तर शपथ!

आता गंमत बघा. धम्मदीप अनंतरावांपेक्षा चांगला उजळ. त्याला काळा करायला मी लागले. अनंतराव मला त्याच्या गालावर चोळत आणि प्रवचन झोडत, "माणसाचा रंग बघणारे किती कोत्या मनाचे!" मंडळी माना डोलवत.

प्रयोग रंगला. नंतर खोबरेल लावून रंग उतरवताना अपूर्वानं सांगितलं, "बाबा, मी आणि धम्मदीप लग्न करतोय."

"आपल्यात आणि त्यांच्यात सोयरीक? काहीतरी करणी केलीय त्यानं तुझ्यावर."

"बाबा, हे तुमचं पहिल्या अंकातलं वाक्य आहे."

घ्या! धम्मदीपच्या तोंडावरचा रंग तर एव्हाना पुसला होता. ह्यांना दिसत होती फक्त जात. "मी मेलो असं समज," म्हणाले आणि खोटी मिशी काढायला आरशाकडे वळले. मेले कसले, घरी जाऊन दोनदा भात घेतला असेल. जाताना अपूर्वानं मला पर्समध्ये टाकलं. रागानं की आठवण म्हणून, तिलाच ठाऊक.

लग्न वडिवळ्याच्या विहारात लागलं. अपूर्वाची आई, इंदिराबाई, एकट्याच आल्या. धम्मदीपची आई भागुबाई काजळ आणायला विसरली होती.

"गालबोट लावाया काय न्हाई व्हय हितं?"

"आई, आपण दृष्टबिष्ट मानत न्हाई," धम्मदीप म्हणाला.

"न्हाई मानत म्हनून लेकरं तशीच बसवू व्हय?"

अपूर्वानं मला बाहेर काढलं. इंदिराबाईंनी बोट बुडवून दोघांच्या गालावर टिपका लावला आणि रडायला लागल्या. इतकी तोंडं रंगवली मी, पण खरी कामी आले ती त्या दिवशी.

आता मी लोणावळ्याला अपूर्वाच्या घरी असते. तिचे फोन अनंतराव उचलत नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र त्यांचाच आला. किती धावत गेली बिचारी!

"काळी डबी तुझ्याकडे आहे ना? पुन्हा प्रयोग लागलाय. नवा सेनापती मिळालाय, आपल्यातलाच. डबी कुणाबरोबर तरी पाठव."

लाज तरी कशी वाटत नाही, म्हणते मी.

"स्वतः येऊन घेऊन जा, बाबा," एवढंच बोलली ती.

तेव्हापासून मी दाराजवळच्या फळीवर आहे. बेल वाजली की ती आधी मला हातात घेते, मग दार उघडते. कधी दूधवाला असतो, कधी शेजारीण. ती मला परत ठेवते.

अनंतराव, तुमचं तोंड बघायची मला मुळीच हौस नाही. पण तिला आहे. निदान मला न्यायला तरी या.